लोकप्रिय खेळ आणि खेळणारे लोक

मराठी शाळेंत शिकविणाऱ्या माणसाला निबंधाचे कांहीं विषय दरवर्षीं द्यावेच लागतात. पावसाळ्यांतील एक दिवस, माझी आई, आणि तिसरा 'माझा आवडता खेळ'. हा तिसरा विषय मीं माझ्या नोकरींत किती वेळां फळ्यावर लिहिला असेल, याची मोजदाद नाहीं. वर्गांत चाळीस मुलें असलीं तर त्यांतील तीस-पस्तीस पहिल्याच वाक्यांत लिहीत, "माझा आवडता खेळ क्रिकेट आहे." वह्या तपासतां तपासतां मधल्या सुटीची घंटा होई आणि मी खिडकींतून अंगणाकडे पाहत असें. तेथें तींच मुलें लंगडी घालीत असत; मुली खो-खो खेळत किंवा ठिकरी टाकून घरांतून उड्या मारीत; भिंतीच्या कडेला चारदोन पोरें गोट्यांचा डाव मांडून बसत. क्रिकेट कोणी खेळत नसे. कारण अंगण लहान होतें, खिडक्यांना कांचा होत्या आणि हेडमास्तर कडक होते.

पुष्कळ वर्षें मला यांत कांहीं विसंगति दिसली नाहीं. पुढें विचार करूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, 'आवडता खेळ' या दोन शब्दांच्या पोटांत दोन अगदीं निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. ज्याच्याविषयीं बोलावेंसें वाटतें, ज्याच्या जयापजयानें जेवण गोड किंवा कडू लागतें, तो एक आवडता खेळ. आणि ज्यासाठीं आपले पाय धुळीनें भरतात व कोपर खरचटतें, तो दुसरा. भारतीय लोकांत कोणता खेळ अधिक लोकप्रिय आहे, असा प्रश्न कोणीं विचारला तर आपण चटकन क्रिकेटचें नांव घेतों, आणि तें खोटें नाहीं. परंतु ही लोकप्रियता पहिल्या प्रकारची कीं दुसऱ्या, आणि मुळांत एखादा खेळ लोकप्रिय होतो तो कशामुळें, याचा विचार आपण क्वचितच करतों. आज तोच विचार आपल्यापुढें मांडण्याचा माझा हेतु आहे.

या प्रश्नाचें एक सोपें उत्तर नेहमीं दिलें जातें. तें म्हणजे स्वभावाचें. क्रिकेट हा निवांतपणाचा खेळ आहे आणि आपण निवांत लोक आहोंत, म्हणून तो आपल्याला मानवला, असें कोणी म्हणतात. दुसरे म्हणतात, तो राज्यकर्त्यांचा खेळ होता, म्हणून आपण त्याचें अनुकरण केलें. पण हॉकी आणि फुटबॉल हेहि खेळ त्याच राज्यकर्त्यांबरोबर आले. त्यांतील फुटबॉलला तर एका चेंडूवांचून दुसरें साहित्य लागत नाहीं. हॉकींत १९२८ पासून आपण साऱ्या जगाला हरवीत होतों. शिवाय निवांत स्वभावाचे हेच लोक कोलकात्यांत आणि कोल्हापुरांत फुटबॉलसाठीं जीव टाकतात, तें कसें? तात्पर्य, स्वभावाचें उत्तर पुरें पडत नाहीं. माझ्या मतें खेळ रुजण्यास तीन गोष्टी लागतात : खेळावयास जागा, खेळावयास सोबती, आणि त्या खेळाची हकीकत घरोघर पोंचविणारा सांगणारा. ज्या खेळाला या तिन्ही लाभल्या तो वाढला. ज्याची एक गेली तो कोमेजला. आणि ज्याला गेलेली गोष्ट परत मिळाली त्याला पुन्हा पालवी फुटली.

प्रथम क्रिकेटचीच कथा घेऊं. मुंबईच्या पार्शी तरुणांनीं १८४८ सालीं 'ओरिएंटल क्रिकेट क्लब' स्थापन केला. किल्ल्याबाहेरील मोकळ्या मैदानांत देशी मंडळी खेळत असत. त्याच मैदानांत गोरे साहेब पोलो खेळूं लागले. घोड्यांच्या टापांनीं जमीन उखडली जाई, आणि उखडलेल्या जमिनीवर चेंडूचा टप्पा कधीं सरळ पडत नाहीं. १८८० च्या सुमारास देशी खेळाडूंनीं या गोष्टीविरुद्ध सरकारकडे अर्ज केले. हा तंटा खेळाच्या नियमांचा नव्हता. तो जागेचा होता. पुढें समुद्रकांठीं जागा मिळाल्या, आणि पार्शी, इस्लाम व हिंदु असे जिमखाने तेथें एका ओळींत उभे राहिले. मुंबईनें क्रिकेटचे इतके नामांकित खेळाडू कां दिले, याचें निम्में उत्तर आझाद मैदान, ओव्हल आणि शिवाजी पार्क या तीन नांवांत आहे. आझाद मैदानांत सुटीच्या दिवशीं इतके सामने शेजारीं शेजारीं चालतात कीं, एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो. शाळांच्या हॅरिस शील्ड स्पर्धेंत सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन मुलांनीं १९८८ सालीं ६६४ धांवांची अभंग भागी केली, ती याच मैदानांत.

आतां सोबत्यांची गोष्ट. युरोपियन आणि पार्शी यांच्या सामन्यांत १९०७ सालीं हिंदु संघ आला, १९१२ मध्यें मुसलमान संघ आला, १९३७ मध्यें 'इतर' या नांवाचा पांचवा संघ आला, आणि तिरंगी, चौरंगी, पंचरंगी अशी ही स्पर्धा वाढत गेली. प्रत्येक घराला 'आपला' म्हणावयास एक संघ मिळाला. लोकप्रियतेला हें मोठें खत होतें. पण तें विषारीहि होतें, आणि देशांतील वातावरण बिघडत चाललें तेव्हां १९४६ मध्यें ही स्पर्धा बंद पडली, हें योग्यच झालें. सोबती कोणाला म्हणावयाचें, हा प्रश्न एकाच संघाच्या आंतहि होता. अस्पृश्य मानलेल्या समाजांत जन्मलेले बाळू पालवणकर हे त्या काळांतील फार मोठे गोलंदाज. १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक बळी घेतले. मैदानांत त्यांनीं टाकलेला चेंडू सवर्ण सोबत्यांना चाले. पण चहाच्या वेळीं त्यांचा पेला निराळा असे. त्यांना कर्णधारपद मिळालें नाहीं. त्यांचे बंधु विठ्ठल यांना तें १९२३ मध्यें मिळालें, तेंहि वादविवादानंतर. खेळ लोकप्रिय होणें आणि तो सर्वांचा होणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हें या एका उदाहरणावरून कळावें.

तिसरी गोष्ट सांगणाऱ्याची. आणि नभोवाणीवरून बोलतांना ती थोडी अभिमानानें सांगावीशी वाटते. १९३४ च्या सुमारास मुंबईंत ए. एफ. एस. तल्यारखान यांनीं क्रिकेटचें धांवतें वर्णन रेडिओवरून सांगण्यास आरंभ केला. ते दिवस दिवस एकटेच बोलत. माइकपाशीं दुसरा भागीदार त्यांना खपत नसे. पुढें मराठींत हें काम बाळ ज. पंडित यांनीं केलें. धांव, षटक, बळी, झेल, पायचीत, यष्टिरक्षक हे शब्द समालोचनांतून आणि वर्तमानपत्रांतून घराघरांत गेले. जो खेळ आपल्या भाषेंत बोलूं लागतो, तो परका राहत नाहीं. ज्या आजीबाईंनीं बॅट कधीं हातांत धरली नव्हती, त्याहि 'पायचीत झाला हो!' म्हणून हळहळूं लागल्या.

१९७१ च्या ऑगस्टमध्यें अजित वाडेकर यांच्या संघानें ओव्हल मैदानावर इंग्लंडला हरविलें, तेव्हां मी दहा-अकरा वर्षांचा होतों. आमच्या आळींत ट्रान्झिस्टर एकाच घरीं होता. त्या घराच्या ओट्यावर माणसांची दाटी झाली होती आणि आवाज खरखरूं लागला कीं तो डबा उचलून कोणी तरी आकाशाकडे धरी. आम्हां मुलांना इंग्रजी समजत नव्हतें. पण समालोचकाचा आवाज चढला कीं आम्हीहि ओरडत होतों. तो सामना मीं पाहिला नाहीं. तरी आजहि तो पाहिल्यासारखा आठवतो. ही सांगणाऱ्याची शक्ति होय.

परंतु नुसता सांगणारा असून भागत नाहीं. याचा पडताळा चारच वर्षांनीं आला. १५ मार्च १९७५ रोजीं क्वालालंपूर येथें भारतानें पाकिस्तानला २-१ असें हरवून हॉकीचा विश्वचषक जिंकला. जसदेवसिंग यांचें हिंदी समालोचन आम्हीं श्वास रोधून ऐकलें. दुसऱ्या दिवशीं आळींतील सगळ्या मुलांनीं बाभळीच्या वांकड्या फांद्या तोडून आणल्या आणि हॉकी सुरू केली. आठ दिवस आमच्या नडग्या सुजल्या होत्या. मग एकेक फांदी मोडली. खरी स्टिक कोणापाशीं नव्हती, शिकविणारा नव्हता, आणि सपाट जागा म्हणाल तर जेथें होती तेथें मोठीं मुलें क्रिकेट खेळत होतीं. नवव्या दिवशीं आम्हीहि तेथें जाऊन उभे राहिलों. आमच्या आळींत हॉकी आली ती आठवडाभर राहून गेली.

देशांतहि मोठ्या प्रमाणावर असेंच कांहीं घडलें. १९२८ ते १९५६ या काळांत आपण ऑलिंपिकमध्यें हॉकीचीं सहा सुवर्णपदकें ओळीनें मिळविलीं. १९६४ आणि १९८० हीं धरून आठ. ध्यानचंद यांच्या जन्मदिवशीं, म्हणजे २९ ऑगस्टला, आपण राष्ट्रीय क्रीडादिन पाळतों. हॉकी हा आपला राष्ट्रीय खेळ आहे, असें मींहि मुलांना पुष्कळ वर्षें शिकविलें. वस्तुतः सरकारनें कोणताच खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाहीं, हें क्रीडाखात्यानें माहितीच्या अधिकाराखालीं आलेल्या प्रश्नांना उत्तर देतांना स्पष्ट केलेलें आहे. असो. १९७६ सालीं माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्यें हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली. मातीच्या किंवा हिरवळीच्या मैदानावर चेंडू थोडा अडखळतो. तेथें मनगटाचें कौशल्य आणि चेंडू काठीला चिकटवून नेण्याची कला श्रेष्ठ ठरते. कृत्रिम गवतावर चेंडू सुसाट धांवतो. तेथें दम, वेग आणि जोराचा फटका यांना महत्त्व येतें. विश्वचषक जिंकून दीड वर्षहि झालें नव्हतें, आणि आपला संघ त्या ऑलिंपिकमध्यें सातवा आला. तसें मैदान घालावयाचें तर कोटींच्या घरांत खर्च येतो आणि त्यावर सतत पाणी मारावें लागतें. गांवोगांवच्या शाळांनीं तें कोठून आणावें? खेळाचे नियम बहुतेक तेच राहिले, काठी राहिली, चेंडू राहिला. पण पायाखालची जमीन बदलली आणि लाखों मुलांच्या हातून खेळ निसटला.

उलट, जेथें जमीन सुटली नाहीं तेथें हॉकी जगली. ओडिशांतील सुंदरगढ जिल्ह्यांत आदिवासी मुलें बांबूच्या काठ्या करून खेळत आलीं आहेत. त्या भागांत जिंकणाऱ्या संघाला बकरा बक्षीस देण्याच्या स्पर्धा असतात. दिलीप तिर्की यांच्यासारखा खेळाडू तेथूनच आला. ओडिशा सरकारनें २०१८ पासून राष्ट्रीय हॉकी संघांचें पालकत्व घेतलें, भुवनेश्वर आणि राउरकेला येथें मैदानें बांधलीं, आणि टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें २०२१ सालीं एकेचाळीस वर्षांनीं आपल्याला हॉकीचें पदक मिळालें. २०२४ मध्यें पॅरिसलाहि मिळालें. येथें स्वभाव बदलला नाहीं. जागा मिळाली आणि पाठीशीं कोणी उभें राहिलें, एवढेंच झालें.

आतां क्रिकेट सर्वांच्या पुढें कसें गेलें तें पाहूं. १९८२ सालीं दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या निमित्तानें रंगीत दूरदर्शन आलें, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत गांवोगांव प्रक्षेपणाचे मनोरे उभे राहिले. नेमक्या याच संधीस, २५ जून १९८३ रोजीं, कपिल देव यांच्या संघानें लॉर्ड्सवर वेस्ट इंडिजला ४३ धांवांनीं हरवून विश्वचषक आणला. सांगणारा होताच, आतां दाखविणारा मिळाला. दूरदर्शनच्या दृष्टीनें क्रिकेटमध्यें आणखी एक सोय आहे. दर सहा चेंडूंनंतर खेळ क्षणभर थांबतो; बळी गेला कीं थांबतो. या थांबण्यांत जाहिरात बसते. फुटबॉलचा अर्धा डाव पंचेचाळीस मिनिटें अखंड चालतो. तेथें व्यापाऱ्यानें साबण केव्हां विकावा? प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि त्यांवर सरकारची मक्तेदारी असूं नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं एका क्रिकेटच्याच प्रकरणांत दिला. त्या सुमारास सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क मोठ्या किंमतीस विकले जाऊं लागले. २००८ मध्यें आयपीएल सुरू झाली. पैशानें उत्तम शिकविणारे आले, उत्तम शिकविण्यानें उत्तम खेळाडू आले, उत्तम खेळाडूंमुळें प्रेक्षक वाढले आणि प्रेक्षकांमुळें पुन्हा पैसा. हें रहाटगाडगें एकदां फिरूं लागलें म्हणजे दुसऱ्या खेळाला विहिरींत पोहरा सोडणें कठीण होतें.

मात्र क्रिकेटला नुसती पैशाची कृपा म्हणणें अन्यायाचें होईल. त्याचा एक मोठा गुण असा कीं, तो जागेप्रमाणें आपलें अंग चोरून घेतो. भिंतीवर कोळशानें तीन रेघा ओढल्या कीं यष्ट्या झाल्या. धोपाटणें ही बॅट झाली. खेळाडू अकरा असोत कीं चार असोत, डाव होतो. चेंडू शेजारच्या काकूंच्या गॅलरींत गेला तर बाद, हा नियम कोणत्याहि पुस्तकांत नाहीं. पण साऱ्या वाड्यांतून आणि चाळींतून तो पाळला जातो. हॉकी अशी आखडून घेतां येत नाहीं.

फुटबॉलची गोष्ट याहून निराळी. देशभर पाहिलें तर त्याला क्रिकेटची सर नाहीं. पण कांहीं गांवीं तो राजा आहे. २९ जुलै १९११ रोजीं कोलकात्यांत मोहन बागान संघानें ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असें हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. त्या संघांतील बहुतेक गडी अनवाणी खेळले. त्या दिवसापासून बंगाल्यांच्या घरांत फुटबॉल हा केवळ खेळ राहिला नाहीं, ती कुळकथा झाली. गोवा, केरळ, मणिपूर आणि मिझोराम येथेंहि हा खेळ तितकाच मुरला आहे. आपल्याकडे पाहावयाचें तर कोल्हापुराकडे पाहावें. शाहू महाराजांनीं बांधलेलें खासबाग मैदान म्हणजे कुस्तीची पंढरी. पण त्याच गांवीं शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना असला कीं पेठाच्या पेठा लोटतात. संघांचीं नांवें ऐका : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. मूळ तालीम कुस्तीची. त्याच तालमीनें फुटबॉलला सोबती दिले. दूरदर्शनची वाट न पाहतां पेठेंतल्या पेठेंत खेळाची हकीकत बापाकडून मुलाकडे गेली. सांगणारा रेडिओच असला पाहिजे असें नाहीं. तो ओट्यावरचा आजोबाहि चालतो.

आणि आतां कबड्डी. आपला हुतुतू, तामिळ मुलखांतील चडुगुडु आणि बंगालचा हाडुडु हीं एकाच खेळाचीं रूपें. याला साहित्य कांहींच नाहीं आणि जागाहि थोडी. पुरुषांचें अंगण तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद. लालबाग-परळच्या गिरणगांवांत कोंकणांतून आलेले कामगार दिवसपाळी संपली कीं चाळीपुढें रेघा मारून खेळत. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. १९९० पासून आशियाई स्पर्धांत कबड्डी आली आणि २०१४ पर्यंत प्रत्येक वेळीं पुरुषांचें सुवर्णपदक आपल्याकडेच राहिलें. इतकें असूनहि शहरांतील सुशिक्षित घरांत कबड्डीचें नांव आदरानें निघत नसे. जागा होती, सोबती होते, सांगणारा नव्हता.

२०१४ च्या जुलै महिन्यांत मुंबईंत प्रो कबड्डी सुरू झाली आणि तो मिळाला. मातीच्या जागीं मॅट आली, डोक्यावर दिवे आले. चढाईला तीस सेकंदांची मुदत पडली. दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईंत गुण मिळवावाच लागेल, नाहीं तर गडी बाद, असा नियम आला. त्यामुळें वेळ काढण्याची युक्ति संपली. जे चवडा पकडणें किंवा हात लावून निसटणें पूर्वीं पंचालाहि धड दिसत नसे, तें कॅमेऱ्यानें संथ गतीनें घरोघर दाखविलें. ज्या खेळाला आपण 'पोरखेळ' म्हणत होतों तो पाहण्यासाठीं आपलींच मुलें रात्रीं जागूं लागलीं. खेळ तोच होता; आपले डोळे नवे होते. खो-खोचेंहि हळूहळू तसेंच होत आहे. २०२५ च्या जानेवारींत दिल्लीस त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला दोन्ही गटांत भारत विजयी झाला.

येथें एक तिसरी लोकप्रियताहि सांगितली पाहिजे; तिला मी पदकाच्या दिवसाची लोकप्रियता म्हणतों. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ सालीं हेलसिंकीला गेले ते लोकांनीं जमविलेल्या वर्गणींतून. कुस्तींत कांस्यपदक घेऊन ते परतले तेव्हां बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपली आणि विसर सुरू झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर. ऑलिंपिकमध्यें वैयक्तिक पदक मिळविणारा दुसरा मराठी खेळाडू पाहण्यास आपल्याला ७२ वर्षें थांबावें लागलें. २०२४ मध्यें पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनीं नेमबाजींत कांस्यपदक घेतलें. त्या दिवशीं घरोघर नेमबाजीची चर्चा झाली. पण आपल्या तालुक्यांत नेमबाजी शिकण्याची सोय कोठें आहे, हें किती घरांनीं विचारलें? पदकाच्या दिवशींच्या टाळ्या खेळाडूला उशिरां मिळतात; त्याला गरज असते ती पदकापूर्वींच्या दहा वर्षांत.

आतां ज्यासाठीं हें सारें सांगितलें त्या मुद्द्यावर येतों. लोकप्रियता ही पावसासारखी आकाशांतून पडत नाहीं. ती घडविली जाते, आणि ती मोडलीहि जाते. मोडणाऱ्यांत मी एक होतों, हें कबूल करणें मला प्राप्त आहे. आमच्या शाळेंत आठवड्याला खेळाचे दोन तास होते. सातवीच्या शिष्यवृत्ति परीक्षेचे दिवस जवळ आले कीं ते दोन्ही तास मी गणितासाठीं घेत असें. पालक खूष होत, वरिष्ठ खूष होत. एके वर्षीं वर्गांत एक मुलगी होती. खो-खोंत तिच्यासारखी चपळ मुलगी मीं पुढें पाहिली नाहीं. खांब मारून ती अशी वळे कीं पाठलाग करणारीचा हात हवेंतच राही. तास घेण्यास आरंभ केल्यावर तिसऱ्या आठवड्यांत ती माझ्या टेबलाशीं आली आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, गणित मी घरीं करीन. पण खेळ घरीं करतां येत नाहीं हो." मीं तिला परीक्षेचें महत्त्व समजावून सांगितलें. ती मुकाट्यानें जागेवर जाऊन बसली. तिचें म्हणणें अक्षरशः खरें होतें, हें कळण्यास मला वीस वर्षें लागलीं. मुलग्याला शाळा सुटल्यावर गल्ली असते. तेरा वर्षांच्या मुलीला शाळेच्या अंगणावांचून दुसरी जागा नसते. त्या वर्षीं शिष्यवृत्ति मिळालेल्या मुलांचीं नांवें आज मला आठवत नाहींत. तिचें मात्र आठवतें.

२ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईंत हरमनप्रीत कौर यांच्या संघानें दक्षिण आफ्रिकेला हरवून महिलांचा क्रिकेट विश्वचषक जिंकला, तेव्हां मीं तो सामना नातवंडांबरोबर पाहिला. सांगलीच्या स्मृति मानधना यांच्या प्रत्येक चौकाराला घर दणाणत होतें. मला आनंद झाला. पण मधून मधून ती खांबाशीं वळणारी मुलगी डोळ्यांपुढें येत होती. या अकरा मुलींच्याहि आयुष्यांत कोणी तरी केव्हां तरी खेळाचा तास काढून घेतला नसेल, म्हणून त्या तेथें होत्या.

श्रोतेहो, क्रिकेट आवडणें हा दोष नाहीं, आणि सामना पाहणें हें पाप नाहीं. माझें म्हणणें एवढेंच कीं, पाहणें म्हणजे खेळणें नव्हे. ज्या देशांत कोट्यवधि लोक एका खेळाविषयीं बोलतात आणि त्यांच्या मुलांना धांवण्यास शंभर पावलांची जागा नसते, त्या देशांत तो खेळ लोकप्रिय आहे असें म्हणण्यापेक्षां त्याची कथा लोकप्रिय आहे असें म्हणावें. आपल्या वसाहतींतील मोकळी जागा वाहनांना दिली जात असेल तर सभेंत उठून विचारा. शाळेंत पालकांची बैठक होईल तेव्हां गुणांची चौकशी करतां तशी खेळाच्या तासाचीहि करा. आणि मुलीच्या बाबतींत ती दोनदां करा. कोणता खेळ, हा प्रश्न मी गौण समजतों. लंगडी असो, कबड्डी असो, नाहीं तर भिंतीवर कोळशाचे स्टंप काढून मांडलेलें क्रिकेट असो.

आज संध्याकाळीं मुलें घरीं येतील तेव्हां 'सामना कोणीं जिंकला?' असें त्यांना जरूर विचारा. पण त्याआधीं 'आज तूं काय खेळलास? तूं काय खेळलीस?' असें विचारा, आणि उत्तर देण्यापूर्वीं मूल घुटमळलें तर तें कां घुटमळलें याचा शोध घ्या.